थिवीची दोन मिनिटं : मुंबई सहलीच्या शेवटच्या दिवसाचं प्रकरण

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं एक हायस्कूल. आठवी-नववीची ४२ मुलं, तीन बाई, दोन सर आणि एक शिपाई, मिळून ४८ जण. मुंबईत तीन रात्री, मुक्काम दादरला. शेवटचा दिवस शुक्रवार. रात्री ११.०५ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून कोकणकन्या एक्स्प्रेस आणि शनिवारी सकाळी गोव्यातलं थिवी स्टेशन. हे प्रकरण नमुन्याचं आहे. गोव्याहून मुंबईला जाणाऱ्या सहलींत ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात, त्या इथे एका दिवसात बसवल्या आहेत.

शेवट आधीच सांगतो. शनिवारी सकाळी थिवीच्या फलाटावर ४३ जण उतरले. एक बाई आणि चार मुली डब्यातच राहिल्या आणि गाडी सुटली. कुणाला खरचटलंही नाही, पुढच्या स्टेशनवर, करमळीला, त्या उतरल्या. पण फलाटावर थांबलेल्या चार घरांच्या माणसांचा जीव त्या वेळात टांगणीला लागला, ते टाळता आलं असतं. चूक थिवीला झाली असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात ती आदल्या सकाळी दादरला सुरू झाली होती.

शुक्रवार, जसा ठरला आणि जसा गेला

ठरलेलं असं होतं : दहाला खोल्या सोडायच्या. सामान बसने टर्मिनसवर नेऊन क्लोक रूममध्ये ठेवायचं. मग वस्तुसंग्रहालय, जेवण, गेटवे, क्रॉफर्ड मार्केटमध्ये खरेदी, सहाला स्टेशन, साडेसातला जेवणाची पाकिटं, अकराला गाडी. कागदावर प्रत्येक गोष्टीला वेळ दिलेला होता. दोन गोष्टींच्या मधल्या वेळेला मात्र जागाच नव्हती.

खोल्या सोडायला पाऊण तास उशीर झाला. दोऱ्यांवर ओले टॉवेल होते, पलंगाखाली चपला होत्या, एका खोलीची किल्ली सापडत नव्हती. मुलांनी रात्री बॅगा भरल्याच नव्हत्या, कारण रात्री कुणी भरायला सांगितलं नव्हतं. टर्मिनसवर पोचल्यावर दुसरी अडचण आली. क्लोक रूममध्ये कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत आणि ४८ पैकी ११ बॅगांना कुलूप नव्हतं. शिपाई बाहेर जाऊन कुलपं घेऊन आला, तोवर मुलं सामानाच्या ढिगाभोवती उभी. सव्वाबाराला पावत्या हातात आल्या.

इथेच एका सरांनी परतीचं तिकीट उघडून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की दोन नावं चुकीची आहेत. सहलीआधी दोन मुलं गळाली होती, त्यांच्या जागी दुसरी दोन आली. जाण्याच्या तिकिटावरची नावं रीतसर बदलून घेतली, परतीच्या तिकिटावरची राहिली. मान्यताप्राप्त शाळेच्या मुख्याध्यापकांनी गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी लेखी अर्ज दिला तर त्याच शाळेच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावे आरक्षण बदलून मिळतं, तेही एकदाच आणि गटाच्या दहा टक्क्यांपर्यंतच. ४८ जणांत म्हणजे चार नावं. शुक्रवारी दुपारी ती मुदत केव्हाच टळून गेली होती. दुसऱ्याच्या नावावर प्रवास करणं हे नियमाने विनातिकीटच धरलं जातं : पूर्ण भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड, प्रत्येकी. सरांनी योग्य तेच केलं. रात्री गाडीत बसताच टीसी येण्याची वाट न पाहता स्वतः त्यांना गाठून सगळं सांगितलं आणि पैसे भरून पावती घेतली. पण दुपारभर त्यांचं लक्ष मुलांवर नव्हतं, फोनवर होतं. सहा मोठ्या माणसांतला एक असा कमी झाला.

वस्तुसंग्रहालयाचा भाग मात्र उत्तम गेला, आणि त्यामागे कारण आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं आवार बंदिस्त आहे, आत स्वच्छतागृहं आहेत, मुलं आत गेली की वाट फुटत नाही. तिथून गेटवे चालत दहा मिनिटांवर. दोन्ही वास्तूंचा वास्तुरचनाकार एकच, जॉर्ज विटेट. एकीवरून दुसरीकडे नेताना मुलांना घुमट आणि कमानी ओळखायला सांगितल्या की रांग आपोआप नीट चालते. गेटवेला मुलं अर्धा तास रमली.

एलिफंटाचा विचार आधी झाला होता. तो सोडला हे बरं केलं. बोटीला जायलाच सुमारे तास लागतो, यायलाही तेवढाच. परतीच्या दिवशी अख्खा वर्ग पाण्यापलीकडे असणं ही जोखीम घेऊ नये. सोमवारी लेणी बंदच असतात, हेही लक्षात ठेवावं.

मंडई

साडेचारला मुलं क्रॉफर्ड मार्केटला उतरली. पाटीवर महात्मा जोतिबा फुले मंडई. या मंडईला दारं अनेक आहेत आणि खरेदी मंडईत थांबत नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटवर वह्या-पेनांची दुकानं, बाजूला मंगलदास मार्केट, पलीकडे लोहार चाळ. डिचोलीचा बुधवारचा बाजार पाहिलेल्या मुलाला बाजार म्हणजे एक मैदान वाटतं, ज्याचा शेवट दिसतो. इथे शेवट दिसत नाही.

सात-सात मुलांचे सहा गट होते, प्रत्येकाला एक मोठं माणूस. पहिली वीस मिनिटं गट टिकले. मग कंपास पेटी घ्यायची असलेली मुलं एकीकडे आणि आईसाठी बांगड्या बघणाऱ्या मुली दुसरीकडे, असे गट आपोआप नव्याने पडले. पावणेसहाला एका सरांनी डोकी मोजली. ४२ भरली. ती चूक होती. चालत्या रांगेत एक मुलगा दोनदा मोजला गेला होता आणि २७ क्रमांकाचा मुलगा तिथे नव्हताच. टर्मिनसवर सहा वाजून दहा मिनिटांनी नावं वाचली, तेव्हा ते कळलं. पंचवीस मिनिटं कुणी त्याला शोधतच नव्हतं.

मुलगा शहाणा होता. गोंधळ शिक्षकांच्या सूचनांत होता. बसमध्ये बाईंनी सांगितलं होतं, ‘चुकलात तर जिथे आहात तिथेच थांबा.’ मंडईत उतरताना सरांनी सांगितलं, ‘कुणी मागे राहिलंच तर सरळ स्टेशनवर या, जवळच आहे.’ मुलगा दुकानापुढे दहा मिनिटं थांबला, मग स्टेशनकडे निघाला. टर्मिनससमोरच्या भुयारी मार्गाला अनेक तोंडं आहेत. संध्याकाळी सहाला कार्यालयं सुटलेली असतात आणि त्या भुयारातून माणसांचा लोंढा लोकलकडे वाहत असतो. त्या लोंढ्याबरोबर तो लोकलच्या फलाटांकडे गेला. टर्मिनसवर एक ते सात हे फलाट लोकलचे, आठपासून अठरापर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. वर्ग एका टोकाला होता, मुलगा दुसऱ्या. सात वाजायला दहा मिनिटं असताना तो रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाजवळ बसलेला सापडला. गळ्यातल्या कार्डावर दोन शिक्षकांचे मोबाइल क्रमांक होते आणि जवानाने त्यावर फोन केला होता. त्या दिवशी सर्वांत जास्त उपयोगी पडलं ते पुठ्ठ्याचं कार्ड.

या चाळीस मिनिटांत बाकी सगळं थांबलं. जेवणाची पाकिटं दादरच्या आचाऱ्याकडे सांगितली होती, त्याला निघायचा फोन साडेसहाला करायचा होता. तो आठला गेला आणि पाकिटं नऊच्या सुमारास आली. मुलं भुकेने चिडलेली, दोघींना मळमळ. जेवण उरकेपर्यंत दहा वाजले, मग क्लोक रूमसमोर घाई. सकाळी ४८ बॅगा आणि खाऊची दोन खोकी होती. आता त्यात खरेदीच्या १९ पिशव्यांची भर पडली होती. या पिशव्यांवर नाव नाही, क्रमांक नाही, कुलूप नाही.

गाडी वेळेवर सुटली. बारा वाजून गेले तरी मुलं जागी, शिक्षक दमून झोपलेले.

थिवी

थिवीला गाडी दोन मिनिटं थांबते. एस ३ डब्यात ४० जागा मिळाल्या होत्या, उरलेल्या आठ एस ६ मध्ये. तिथे दोन्ही सर आणि सहा मुलगे. ही वाटणी चांगली होती आणि एस ६ चे आठही जण सहज उतरले.

एस ३ मध्ये काय झालं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. गाडी पाऊण तास उशिरा धावत होती. शिक्षकांनी गजर लावला होता तो वेळापत्रकाप्रमाणे. गजर झाला, उशीर आहे असं कळलं आणि सगळे पुन्हा आडवे झाले. स्लीपरमध्ये मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच उघडा ठेवायचा असतो. आजूबाजूला आपलीच मुलं, म्हणून सहानंतरही कुणी तो पाडला नाही. खरं तर तो नियम म्हणजे फुकटचा गजर आहे. पेडणे गेल्यावर जाग आली तेव्हा थिवी वीसेक मिनिटांवर होतं आणि निम्म्या बॅगा बर्थखाली.

मग हिशेब बघा. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. डब्याला दोन टोकांना दारं, दर दाराला २० जण, म्हणजे माणशी सहा सेकंद. पाठीवर बॅग घेऊन रांगेत उभं मूल तीन-चार सेकंदांत उतरतं. म्हणजे वेळ पुरतो, फक्त रांग गाडी थांबण्याआधी तयार हवी. मागच्या दारातून असंच झालं, २० जण नीट उतरले. पुढच्या दाराशी शिपाई आधी खाली उतरला आणि आतून बॅगा हातोहात खाली येऊ लागल्या. बॅगा, खोकी, पिशव्या मिळून बावीस नग गेले, पन्नासेक सेकंद त्यातच संपली. मुलं बॅगांच्या मागे उभी. पंधरा जण उतरले आणि गाडीने हिसका दिला.

दारात राहिलेल्या बाईंनी तेव्हा जे केलं त्याला तोड नाही. चारही मुलींना मागे ओढून त्या स्वतः दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि खाली ओरडून सांगितलं, ‘करमळी! करमळीला उतरतो!’ कुणाला उडी मारू दिली नाही. साखळीही ओढली नाही. सबळ कारणाशिवाय साखळी ओढणं रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली गुन्हा आहे, आणि पुढचं स्टेशन जवळ असताना तिची गरजही नव्हती. ‘डब्यातून शेवटी मोठं माणूसच उतरणार’ हा नियम त्यांनी पाळला, म्हणून मुली एकट्या राहिल्या नाहीत.

फलाटावर आयांनी एकच प्रश्न धरला होता, ‘खंय पावलीं भुरगीं?’ (मुलं कुठे पोचली?) त्याचं उत्तर पाच मिनिटं कुणालाच नीट देता आलं नाही, कारण बाईंचा फोन त्यांच्या बॅगेत होता आणि बॅग फलाटावर.

चूक नेमकी कुठे

बॅगा आधी उतरवणं ही शेवटची चूक. तिच्यामागे न बांधलेल्या पिशव्या, त्यामागे घाईत केलेलं जेवण आणि सामान, त्यामागे हरवलेला मुलगा, त्यामागे दोन तोंडांनी दिलेली सूचना आणि चालत्या रांगेची मोजणी. दर ठिकाणी मोकळा अर्धा तास असता तर चुकांची ही साखळी तिथेच तुटली असती. शेवटच्या दिवशी सामान वाढलेलं असतं, पैसे संपत आलेले असतात, मुलांना शहर ओळखीचं झाल्यासारखं वाटतं आणि शिक्षकांना ‘झालं एकदाचं’ वाटतं. सहलीचा आराखडा करणारे मात्र हा दिवसही पहिल्या दिवसासारखाच भरतात.

त्याच दिवसाची दुसरी मांडणी

सर्वांत मोठा बदल एकच : मुक्कामाचा एक हॉल किंवा दोन खोल्या रात्री साडेआठपर्यंत ठेवून घ्याव्यात. त्याचे पैसे पडतात, पण क्लोक रूम, कुलपं, सामानाच्या दोन फेऱ्या आणि स्टेशनवरची भुकेली वाट, हे सगळं त्यात वाचतं. सामान दादरलाच राहतं. सकाळी संग्रहालय, ते सव्वादहाला उघडतं. नंतर गेटवे, जेवण आणि चारपर्यंत मुक्कामी परत, म्हणजे कार्यालयं सुटण्याआधी. मरीन ड्राइव्ह राहिलं तर राहू द्या. समुद्र गोव्याच्या मुलांना नवा नाही.

खरेदी आदल्या दिवशी उरकावी, तीही एका रस्त्यावर, एकाच बाजूच्या दुकानांत, पाऊण तास. गट मुलांनी काय घ्यायचं त्यावरून पाडावेत. कंपास पेटीवाले एका सरांबरोबर, बांगड्यावाल्या एका बाईंबरोबर. गट मोडतात ते आवडीमुळे, मग आवडीचेच गट का करू नयेत? घेतलेली वस्तू त्याच रात्री बॅगेत गेली पाहिजे. बॅगेत मावत नसेल तर ती घ्यायची नाही, हे निघतानाच डिचोलीत सांगावं. प्रत्येक मुलाचा एकच नग, त्यावर त्याचा क्रमांक.

मोजणी डोक्यांची करू नये. मुलांनी उभं राहून आपापला क्रमांक स्वतः म्हणायचा, एक ते बेचाळीस. मिनिटभरात होतं आणि कोण नाही ते लगेच कळतं; डोकी मोजल्यावर फक्त किती नाहीत ते कळतं. बसमध्ये चढल्यावर, उतरल्यावर, रस्ता ओलांडल्यावर आणि स्वच्छतागृहानंतर ही मोजणी व्हावी. चालता चालता कधीच नाही.

हरवल्याची सूचना एकच, आणि ती फक्त एका शिक्षकाने द्यायची : ‘जिथे चुकलात तिथेच उभे राहा.’ मूल दिसत नाही असं कळताच एका मोठ्या माणसाने शेवटच्या जागी परत जायचं, एकाने वाटेवर राहायचं, बाकीच्यांनी वर्ग घेऊन एका जागी बसायचं. पंधरा मिनिटांत नाही मिळालं तर ११२, मुलांसाठी १०९८, स्टेशनच्या आवारात १३९. हे क्रमांक कार्डाच्या मागे छापून घ्यावेत. पुढच्या बाजूला मुलाचं नाव, शाळा, दोन मोबाइल, मुक्कामाचा पत्ता. त्यावर घरचा पत्ता नको.

जेवण सातला हॉलमध्येच. पोळी-भाजी, भात थोडा, दह्याचं काही नको. रात्रीसाठी पाकीट वेगळं : दोन पुऱ्या, एक केळं, पाण्याची बाटली. बाईंकडच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, एक पाकीट एक लिटर पाण्याला, आणि मुलींसाठी पॅड. सॅनिटरी पॅडची पिशवी प्रत्येक डब्यात हवी, एका बाईंच्या बॅगेत तळाशी असून उपयोग नाही. बस लागणाऱ्या मुलांची गोळी पालकांनी डॉक्टरांना विचारून दिलेलीच द्यावी.

गाडी दादरला पकडायचा मोह होतो, मुक्काम दादरलाच असतो. करू नये. दादरला ती काही मिनिटंच थांबते आणि गर्दीत फलाटावर ४८ जणांना दोन डब्यांत चढवणं अवघड. टर्मिनसवर गाडी सुटण्याआधी उभी असते, मुलांना डब्यात शिरून, बर्थ शोधून, सामान साखळीने बांधायला वेळ मिळतो. साडेआठला बस दादरहून निघाली की साडेनऊच्या आत पोचते, गर्दीही ओसरलेली असते. बसवाल्याला पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला थांबायला सांगावं. तिथून अठरा क्रमांकाच्या बाजूने आत जाता येतं आणि भुयारी मार्ग टळतो.

परतीच्या तिकिटावरची नावं निघण्याच्या आठवडाभर आधी हजेरीपटाशी ताडून पाहावीत, दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून. गाडीची वेळ आणि पावसाळी वेळापत्रकही तेव्हाच तपासावं.

आता सकाळ. घड्याळ बाजूला ठेवावं आणि स्टेशनं धरावीत, कारण गाडी उशिरा असली तरी स्टेशनांचा क्रम बदलत नाही. सहाला मधले बर्थ पाडायचे. कुडाळ गेलं की तोंड धुऊन बूट-चपला घालायच्या. सावंतवाडी गेली की सगळ्या बॅगा बर्थखालून वर, क्रमांकाची मोजणी. इथेच पालकांच्या गटावर एक निरोप, कारण पुढे पेडण्याच्या बोगद्यात फोनला रेंज नसते. त्याच वेळी टीसींना सांगायचं की थिवीला ४८ जण उतरणार आहेत, म्हणजे गार्डला, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, कळवणं त्यांना शक्य होतं. पेडणे सुटलं की दोन्ही दारांकडे रांग. दार मात्र गाडी पूर्ण थांबेपर्यंत मोठ्या माणसाच्या ताब्यात. आधी एक मोठं माणूस खाली, मग पाठीवर बॅग घेतलेली मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस, फोन त्याच्या खिशात. खाऊची खोकी राहिली तर राहू द्यावीत, ती मडगावला मिळवता येतील. कुणी आत राहिलंच तर करमळी, हे प्रत्येक मुलाला आदल्या रात्री पाठ असावं.

मडगावपर्यंत जाण्याचा पर्यायही विचारात घ्यावा. तिथे गाडीचा प्रवास संपतो, उतरायला घाई नसते. साठच्या वर मुलं असतील किंवा चाकाच्या खुर्चीवरचं मूल बरोबर असेल तर मडगावला बस बोलावणंच योग्य. ४८ साठी थिवी पुरतं.

थिवीला उतरल्यावर फलाटावरच एकदा क्रमांक म्हणायचे. मग पालकांच्या सह्यांचा कागद : मुलाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नातं, वेळ. शेजारचे काका न्यायला आले असतील तर आईवडिलांना फोन करूनच सोडायचं. उरलेली मुलं भाड्याच्या बसने अस्नोडा, मुळगाव करत डिचोलीला. वाटेतल्या थांब्यावर पालक उभे दिसले तरच मूल उतरवायचं, नाहीतर त्याला शाळेपर्यंत न्यायचं आणि मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर बसवून ठेवायचं, कुणी येईपर्यंत.